यूरो ६ मध्ये डिझेलला नॉक्सची सूट कशाला?

रिकामी_टाकी:
मंडळी, यूरो ६ चा, म्हणजे युरोपातल्या गाड्यांच्या प्रदूषणाच्या मर्यादांचा, तक्ता बघत होतो. नॉक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड) पेट्रोल कारला किमीमागे ६० मिग्रॅ आणि डिझेलला ८०, पण कार्बन मोनॉक्साइडला उलटं, पेट्रोलला १ ग्रॅम नि डिझेलला अर्धाच. हवा तर सगळ्यांची एकच ना, मग दोन मापं का? बाकी माझ्या डिझेलला धूर अजिबात दिसत नाही, म्हणजे ती पासच समजायची ना?

जुना_स्पॅनर:
दोन्ही इंजिनं जाळतातच वेगळं रे. पेट्रोलवालं १ किलो इंधनाला साधारण १४.७ किलो हवा असं मोजूनमापून घेतं, तेवढं बरोबर जमलं की एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सीओ (कार्बन मोनॉक्साइड), न जळलेलं इंधन आणि नॉक्स तिन्ही एका दमात निपटतो. डिझेल कायम जास्तीच्या हवेत जळतं म्हणून सीओ मुळातच कमी, पण तोच उरलेला ऑक्सिजन आडवा येतो नि त्या कन्व्हर्टरला नॉक्स फोडता येत नाही, मग ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात फिरवणारी सोय) लावा, एक्झॉस्टमध्ये युरियाचं पाणी मारा, सगळा खर्च आलाच. तरी यूरो ५ ला डिझेलला १८० ची मोकळीक होती, त्यामानाने ८० म्हणजे चांगलाच कान पिळलाय.
आणि धुरावर जाऊ नकोस. काजळी डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली गाळणी, अडवतो, नॉक्स डोळ्याला कुठे दिसतोय.

उलटा_गिअर:
तक्त्यातल्या आकड्यांचं काय घेऊन बसलात. २०१५ ला फोक्सवॅगनचं बाहेर आलं तेव्हा कळलं की टेस्ट चालू आहे हे सॉफ्टवेअरच ओळखायचं, तेवढ्यापुरती गाडी शहाण्यासारखी वागायची आणि रस्त्यावर ये रे माझ्या मागल्या. २०१७ पासून युरोपात नवीन मॉडेलला मागे यंत्र बांधून खऱ्या रस्त्यावर मोजायला लागले, त्यातही सुरुवातीला नॉक्सला २.१ पट सूट, म्हणजे ८० चे झाले १६८!

रिकामी_टाकी:
बापरे. बरं डीपीएफवरून आठवलं, माझा त्याचा दिवा सारखा लागतो, मेकॅनिक म्हणतो काढूनच टाक, कटकट जाईल.

जुना_स्पॅनर:
अजिबात काढू नकोस, सगळी काजळी बाहेर येईल आणि बहुतेक ठिकाणी बेकायदेशीर पण आहे. जवळच्या जवळच फिरवतोस ना? ती काजळी जळायला ६०० डिग्रीच्या आसपास तापमान लागतं, गाडी तापायच्या आधीच बंद केलीस की काम अर्धवट राहतं आणि त्यासाठी मारलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. आधी ऑइलची डिपस्टिक काढून बघ, पातळी वर चढलीय का, वास येतोय का, मग सांग इथे.