घर घेण्याआधी परिसर कसा तपासावा? मागे नाला, पुढे मोठा रस्ता, पाणी बोअरवेलचं

उंबरठा

एक मजली स्वतंत्र घर पाहिलं आहे, बांधकाम साधारण १५ वर्षांचं. मागे ६० मीटरवर नाला, पुढे १८० मीटरवर मोठा रस्ता, दक्षिणेला मोकळा प्लॉट. नळाचं पाणी कमी पडलं की बोअरवेलचं वापरतात. करार व्हायला ४ आठवडे आहेत. वायरिंग, प्लंबिंग, स्लॅब यांची तपासणी वेगळ्या माणसाकडून होणार आहे, त्यामुळे इथे फक्त परिसराबद्दल विचारतोय. काय मोजावं, कधी मोजावं आणि किती आकडा आला की थांबावं? सध्या कोरडे दिवस आहेत, पावसात जाऊन पाहता येणार नाही.

पाणवाट

नाल्यापासून सुरुवात करा. आवाज, धूळ, पाणी यांवर पैसे घालून थोडाफार तरी इलाज होतो. सखल जमिनीवर होत नाही.

६० मीटर अंतरावरून काहीच ठरत नाही, उंची हवी. ती मोबाइलच्या नकाशावरून घेऊ नका. जगभराची जी मोफत उंचीची माहिती मिळते, तिचा बराच भाग २००० साली अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीवर आधारलेला आहे. तिची एकेक चौकट सुमारे ३० मीटरची आणि चूक कित्येक मीटरची. तुमचा प्रश्न अर्ध्या मीटरचा आहे. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून टप्प्याटप्प्याने पातळी न्या, नाहीतर सर्व्हेअरला ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) घेऊन बोलवा. नाल्याचा तळ, नाल्याचा काठ, घरासमोरच्या रस्त्याचा मध्य आणि घराचं जोतं, अशा चार पातळ्या लिहून घ्या. जुना थर न खरवडता वर नवं डांबर पडत गेलं की रस्ता जोत्याच्या वर जातो. मग नाला फुगायचीही गरज नसते, रस्त्याचंच पाणी अंगणात उतरतं.

त्यानंतर नाल्याच्या कडेने खालच्या बाजूला चालत जा आणि पहिली मोरी किंवा पूल गाठा. पाणी बहुतेक वेळा तिथे तुंबतं आणि मागे चढतं. मोरीचं तोंड नाल्याच्या पात्रापेक्षा अरुंद आहे का, गाळाने किती भरलंय, मधून पाइप आडवे गेलेत का, हे पाहा. वरच्या बाजूला नवी वसाहत किंवा मोठं पार्किंग झालं असेल तर जुन्या रहिवाशांच्या आठवणीवर फार विसंबू नका. पूर्वी जमिनीत मुरणारं पाणी आता तासाभरात नाल्यात येतं.

पाऊस नसला तरी खुणा राहतात. कुंपणाच्या जाळीत आणि झुडपांत एकाच उंचीवर अडकलेला कचरा, तीन-चार घरांच्या भिंतींवर एकाच पातळीत गेलेली मातकट रेघ, फक्त खालच्या दोन-तीन फुटांनाच दिलेला नवा रंग, शेजाऱ्यांनी दारात बांधलेला उंच कट्टा, वर सरकवलेले मीटर आणि स्विचबोर्ड. हे दोन-तीन घरांत दिसलं की पाणी येऊन गेलंय असं समजा. विचारताना ‘इथे पूर येतो का?’ असं विचारू नका, सगळे नाही म्हणतात. ‘गाडी पावसात कुठे लावता?’ असं विचारा.

‘शंभर वर्षांतला एक पूर’ या शब्दांनी निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षं राहिलात तर एकदा तरी तो येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते.

कानोसा

आवाजाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे रस्त्याच्या वाहतुकीचा आवाज घराबाहेर दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून ५३ डेसिबलच्या आत आणि रात्रीचा ४५ च्या आत असावा. हे आकडे वर्षभराच्या सरासरीचे आहेत, त्यामुळे एका रात्रीच्या मोजणीवर निकाल लावू नका. पण रात्री ५५ च्या पुढे दिसत असेल तर झोपण्याची खोली त्या बाजूला नको.

फोनमधलं ॲप चालेल, मात्र त्यात क्षणाक्षणाला उडणारा आकडा पाहू नका. ‘ए’ भारांकनाची (म्हणजे कानाला जसं ऐकू येतं तसं, खालचे सूर कमी धरून केलेल्या मोजणीची, ॲपमध्ये dBA) १५ मिनिटांची सरासरी घ्या, फोन भिंतीपासून निदान एक मीटर लांब धरा आणि वारा जोराचा असेल तर मोजूच नका, माइकवर वाराच मोजला जातो. फोनची चूक काही डेसिबलची असते, म्हणून त्याच फोनने तुमच्या सध्याच्या घरीही रात्री मोजा. दोन आकड्यांतला फरक एकट्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचा.

वेळा: कामाच्या दिवशी सकाळी ८, रात्री ११ आणि पहाटे ३ ते ५. पहाटेची वेळ लोक टाळतात आणि तिथेच फसतात. रस्ता मोकळा असल्याने अवजड गाड्या वेगात असतात. शिवाय जमिनीलगतची हवा थंड आणि वरची गरम असली की आवाज वर न जाता खाली वाकतो, दिवसा ऐकू न येणारा रस्ता तेव्हा खिडकीशी येतो.

सलग वाहत्या रस्त्याचा आवाज अंतर दुप्पट झालं की सुमारे ३ डेसिबलनेच उतरतो, जनरेटरसारख्या एका ठिकाणच्या आवाजाचा ६ ने. म्हणजे १८० ऐवजी ३६० मीटरवर घर घेऊनही मोकळ्या जागेत फरक तेवढाच. मध्ये सलग इमारतींची रांग असेल तर मात्र बराच फरक पडतो. झाडांची एक ओळ रस्ता झाकते, आवाज जवळजवळ तसाच येऊ देते.

ट्रान्सफॉर्मर, चिलर, मोठे पंखे आसपास आहेत का तेही बघा. ५० हर्ट्‌झच्या वीजपुरवठ्यावर ट्रान्सफॉर्मर मुख्यतः १०० हर्ट्‌झला गुणगुणतो. ‘ए’ भारांकनात हा खालचा सूर फार कमी मोजला जातो आणि साध्या काचेतून आत येतो. त्यासाठी झोपायच्या खोलीत दारं-खिडक्या लावून दहा मिनिटं गप्प बसणं हीच चाचणी.

भूजल

बोअरवेलच्या पाण्यात टीडीएस मीटर (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारं यंत्र) बुडवून समाधान मानू नका. तो फक्त विद्युतवाहकता मोजतो. आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट किंवा जंतू त्यात वेगळे दिसत नाहीत. प्रयोगशाळेत निदान एवढं तपासून घ्या: फ्लोराइड १.५, नायट्रेट ५० आणि आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत, आणि १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) एकही नाही. या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा आहेत, देशाच्या नियमांत थोडाफार फरक असू शकतो. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही शेजारच्या विहिरींपेक्षा चढे आले तर सांडपाणी मुरतंय असा संशय घ्या आणि सेप्टिक टँक कुठे आहे ते शोधा, शेजाऱ्याचासुद्धा.

नमुना घेण्यातच अर्धी चूक होते. टाकीचं नको, पंपाजवळचं पाणी घ्या, पंप दहा मिनिटं चालवून. जंतूंसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो ६ तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांत पोचवायची. आत्ता जंतू निघाले नाहीत म्हणून पावसाळ्यात निघणार नाहीत असं नाही, जोराच्या पावसानंतर पुन्हा तपासावंच लागेल. उलट पाणी पुरतं का हे पाहायला कोरडे दिवसच उत्तम. पंप सलग दोन तास चालवा आणि बादली किती सेकंदांत भरते ते सुरुवातीला आणि शेवटी मोजा.

नाल्याबद्दल एक प्रश्न एसी दुरुस्त करणाऱ्याला विचारा: या गल्लीत तांब्याच्या कॉइल किती वर्षं टिकतात? सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांबं काळं पाडतो आणि कॉइलला बारीक छिद्रं पडतात. नाक त्या वासाला सरावतं, तांबं सरावत नाही.

उपग्रहाची जुनी छायाचित्रं वर्षामागून वर्ष सरकवून पाहा. घराच्या जागी आधी डबकं, खाण किंवा कचऱ्याचा ढीग असेल तर भरावाची जमीन आहे. जुना पेट्रोल पंप किंवा बॅटरीचं, मुलामा देण्याचं वर्कशॉप असेल तर मातीची तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उंबरठा

मनापासून आभार. दोन गोष्टी. मागच्या भिंतीला आतून ८० सेंटिमीटरपर्यंत ओल आहे, वर पांढरे क्षार आलेत, कड वेडीवाकडी आहे. ही पुराची खूण का? आणि दक्षिणेच्या प्लॉटवर ३० मीटर उंच इमारत झाली तर ऊन किती जाईल?

पाणवाट

कड वेडीवाकडी, उंची एक मीटरच्या आत आणि क्षार, म्हणजे बहुधा जमिनीतून चढणारी ओल. पुराची रेघ सरळ असते आणि घराच्या चारही बाजूंना सारख्या उंचीवर सापडते. त्याच भिंतीच्या बाहेर मातीची पातळी आतल्या फरशीपेक्षा वर आहे का, पाइप गळतोय का, हे आधी बघा. भरावाची शंका असेल तर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरक्या भेगाही मोजा. वर रुंद आणि खाली बारीक भेग बहुधा घराचा कोपरा खचत असल्याची असते, खाली रुंद असेल तर मधला भाग. ५ मिलिमीटरपेक्षा रुंद भेग दिसली की स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

कानोसा

उन्हाचं गणित सोपं आहे. उत्तर गोलार्धात २१–२२ डिसेंबरला दुपारी सूर्याची उंची म्हणजे ९० वजा अक्षांश वजा २३.५ अंश. अक्षांश २० असेल तर ४६.५ अंश, ३० मीटरच्या इमारतीची सावली साधारण २८.५ मीटर. अक्षांश ४० असेल तर तीच ६० मीटर. तुमच्या भिंतीपासून प्लॉटची बांधकामाची हद्द मोजा आणि ताडून पाहा. तिथे किती उंची मंजूर होऊ शकते, रस्तारुंदीची रेषा कुठून जाते, हे नियोजन कार्यालयाच्या आराखड्यात पाहायचं, विकणाऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही.

चार आठवड्यांत प्रयोगशाळेचा अहवाल यायला सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून पाण्याचा नमुना पहिल्या दिवशी द्या आणि पातळीची मोजणी त्याच आठवड्यात उरका. करारात पाणी आणि माती यांचे अहवाल समाधानकारक आले तरच व्यवहार, नाहीतर अनामत परत, अशी अट लिहून घ्या.