मदत हवी आहे: पक्षाघातानंतर अधू झालेल्या हातासाठी (नाशिक)

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकरोडला राहतो. यंदा वडिलांना पक्षाघात झाला. हृदयाचे ठोके अनियमित पडायचे, त्यातून गुठळी होऊन मेंदूत अडकली. झोपेतच झाल्याने वेळ कळली नाही आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत हुकली. आता काठी घेऊन चालतात, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. पण डावा हात! पेला धरतात, मग बोटं उघडतच नाहीत. उजव्या हाताने एकेक बोट सोडवावं लागतं. फार जीव तुटतो हो बघताना.

चांगला हात बांधून ठेवून अधू हाताकडूनच कामं करून घ्यायची एक पद्धत आहे. नाशिकमध्ये ती नीट करून घेणारे, शक्यतो घरी येणारे फिजिओथेरपिस्ट कोणाला माहीत आहेत का?

दुसरं, व्यायाम करताना मानेतल्या व्हेगस नसेला हलकी विद्युत चेतना देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली. आपल्याकडे असलं काही, किंवा हाताच्या पुनर्वसनाच्या नव्या उपचाराची एखादी चाचणी, कोणी अनुभवली आहे का? सीटीआरआय या उपचार-चाचण्यांच्या सरकारी नोंदणीत शोधतोय, पण प्रत्यक्ष भाग घेतलेल्या कुटुंबाशी बोलायचंय. मुंबई-पुण्याला न्यायचीही तयारी आहे.

स्टेम सेल (मूलपेशी) उपचार देणाऱ्यांचे पत्ते मात्र कृपया देऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पक्षाघातासाठी तो उपचार नोंदणीकृत चाचणीबाहेर देता येत नाही, तरी एकाने आमच्याकडे लाखांत पैसे मागितले.

माहिती असेल तर इथेच लिहा, इतरांनाही उपयोग होईल.