रातपाळीच्या कॅबला चालक नसावा, असं माझं मत आहे (हिंजवडीकरांनी जरूर लिहा)

रातपाळी_कोथरूड:
अमेरिकेत वेमो या बिनचालकाच्या टॅक्सी चालवणाऱ्या कंपनीने सप्टेंबर 2025 मध्ये खास कंपन्यांसाठी सेवा सुरू केली. कंपनी एका पोर्टलवरून कर्मचाऱ्यांना राइड देते, कुठल्या भागात आणि कुठल्या थांब्यावरून ते ठरवते. गाडीत चालक नसतो. फिनिक्समध्ये तर 2020 पासून कोणीही अशा गाडीत बसू शकतं. आपल्याकडे हे कधी येईल ते येवो, पण आलं तर सगळ्यात आधी रातपाळीला यावं, असं मला ठामपणे वाटतं.

कारण झोप. पहाटे तीनचा लॉगआउट, आणि चालक संध्याकाळपासून दुसऱ्या कंपनीची ड्यूटी करून आलेला. हिंजवडीहून येताना पुण्याच्या बायपासवर सूस सोडलं की गाडी हळूहळू डावीकडे सरकायला लागते. मागून कोणीतरी मोठ्याने विचारतं, "दादा, चहा घ्यायचा का?" आमच्या रूटवर पुढच्या सीटवर बसेल त्याने चांदणी चौकापर्यंत चालकाशी बोलत राहायचं, हा अलिखित नियम आहे. नऊ तास काम केलेल्या माणसाने घरी जाताना हेही करायचं?

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते. 2007 मध्ये रातपाळीला निघालेल्या मुलीला कंपनीच्याच कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने पुण्याजवळच्या गहुंजेला नेऊन ठार मारलं. मार्च 2025 मध्ये हिंजवडीत कंपनीच्या टेम्पो ट्रॅव्हलरला आग लागून चार कर्मचारी गेले. आग चालकानेच लावली, असं पोलिसांनी तपासानंतर सांगितलं. सगळे चालक असे नसतात, हे मला कोणी शिकवू नये. मी रोज त्यांच्याच भरवशावर घरी येते. पण स्टिअरिंगमागे कोण बसणार हे मला निवडता येत नाही.

थेरगाव_गाडीमालक:
ताई, माझ्या दोन गाड्या व्हेंडरकडे, म्हणजे कंपन्यांना कॅब पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे लावलेल्या आहेत. एक मी स्वतः चालवतो. चालक का झोपतो ते विचारा ना. व्हेंडर बिल दोन-दोन महिने लटकवतो, बँकेचा हप्ता पाच तारखेला कापला जातो. तुम्हाला सोडून रिकामी गाडी परत आणायची, त्या किलोमीटरचे पैसे कोण देतं? म्हणून माणूस सकाळी विमानतळाचं भाडं मारतो आणि रात्री तुमची ड्यूटी.

मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा 1961 चा होता, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. नियम तोच: दिवसाला आठ तास, आठवड्याला 48. पण आम्ही 'स्वतःची गाडी लावलेले', म्हणून आमचे तास कोणी मोजतच नाही. कंपनीने ट्रिप शीटवर चालकाचे दिवसभराचे तास लिहायला लावले तर तुमचा झोपेचा प्रश्न महिन्याभरात सुटेल. त्याला रोबो कशाला? गडकरी साहेबांनी 2023 मध्ये सांगितलंच होतं की चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही. मला ते पटतं.

बाणेर_सेन्सर:
मी याच क्षेत्रात काम करतो. चालक नको हा मुद्दा बाजूला ठेवू, पुण्यात आज हे चालणार नाही. या गाड्या आधी सगळा भाग बारकाईने मॅप करतात, मग लायडार (लेसरने अंतर मोजणारा सेन्सर), रडार आणि कॅमेऱ्यांनी आजूबाजूचं बघत चालतात. हिंजवडीजवळच्या भूमकर चौकात आज जी लेन आहे ती परवा खोदलेली असते. उलट्या दिशेने येणारी दुचाकी तिथे रोजचीच.

डिसेंबर 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वीज गेली, सिग्नल बंद पडले आणि वेमोच्या गाड्या चौकात थांबून राहिल्या. सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. आपल्याकडे जूनच्या पहिल्या पावसात किती सिग्नल चालू असतात? शिवाय मोटार वाहन कायदा परवाना असलेला चालक धरूनच लिहिलेला आहे.

फार तर हिंजवडी आयटी पार्कच्या फेज 1 ते फेज 3, रात्री अकरानंतर, ठरलेल्या थांब्यांमध्ये, आणि सुरुवातीला आत माणूस बसवून. तेवढं करून बघायला माझी हरकत नाही.

पिंपळे_सौदागर:
मेट्रोवर भर द्या, निम्मा प्रश्न संपेल.

रातपाळी_कोथरूड:
दिवसाचा संपेल. पहाटे तीनला मेट्रो नसते.

ट्रान्सपोर्ट_डेस्क:
मी खराडीत कर्मचारी वाहतूक बघते, म्हणून एक व्यवहारातली गोष्ट. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात काम करणाऱ्या बाईला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकावर आहे. दारापर्यंत.

आता प्रत्यक्षात काय होतं? सोसायटीचं गेट बंद, वॉचमन झोपलेला, बाहेर चार कुत्री. चालक हॉर्न देतो, खाली उतरून गेट वाजवतो, मॅडम आत गेल्या की निघतो. शेवटचा ड्रॉप बाईचा असेल तर आम्ही गार्डही देतो. बिनचालकाची गाडी दार उघडून थांबेल, पण गेट वाजवायला कोण उतरेल? गार्ड बसवायचाच असेल तर अनोळखी माणूस गाडीत आलाच. कॅमेरा आणि दूर बसलेला मदतनीस यांच्यावर मी सही करणार नाही.

रातपाळी_कोथरूड:
मॅडम, गेटचा मुद्दा अगदी खरा आहे. त्याला आज माझ्याकडे उत्तर नाही. गार्डबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. गाडी गार्डच्या हातात नसते. तो रस्ता बदलू शकत नाही, गाडी गहुंजेला वळवू शकत नाही. माझ्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

आणि दादा, आठ तासांचा नियम 1961 पासून आहे म्हणता, तरी आमची गाडी सूसला डावीकडे सरकतेच. अजून किती वर्षं वाट बघायची?

थेरगाव_गाडीमालक:
ताई, तो नियम आम्ही चालकांनी नाही मोडला. ज्यांनी स्वस्तात स्वस्त व्हेंडर निवडला त्यांनी मोडला. उद्या बिनचालकाच्या गाड्यांचं टेंडरही तीच माणसं काढतील. सेन्सर पुसणं, ब्रेक बघणं, रोजची तपासणी, यात ते पैसे वाचवणार नाहीत कशावरून? चालक निदान म्हणतो, "साहेब, ब्रेक लागत नाहीये, गाडी काढत नाही." मी स्वतः म्हटलंय, आणि त्या दिवसाचं भाडं सोडलंय.

रातपाळी_कोथरूड:
हे मी आमच्या ट्रान्सपोर्ट कमिटीत तुमच्याच शब्दांत मांडते. आधी चालकांच्या तासांच्या नोंदी मागणार, सगळ्या व्हेंडरच्या. त्या देईनात तर बाणेरच्या दादांनी सांगितलेला फेज 1 ते 3 चा प्रयोग लेखी मागणार. माझी मागणी मी मागे घेत नाहीये.