मदत हवी आहे : तबल्यावर घडलेल्या कानाला फ्लामेंकोचा बारा मात्रांचा 'कोंपास' कसा शिकवावा?

नमस्कार.

मी मूळचा मिरजेचा. लहानपणापासून अकरा वर्षे तबला शिकलो आणि गेली तीन वर्षे नोकरीनिमित्त माद्रिदला राहत असताना फ्लामेंको, म्हणजे दक्षिण स्पेनच्या पारंपरिक गायन-नृत्य-वादनातली, गिटार शिकतो आहे. शीर्षकातला 'कोंपास' म्हणजे तिथले तालाचे आवर्तन. माझे गुरुजी दक्षिण स्पेनमधल्या हेरेस गावचे आहेत. ते आठवड्यातून एकदा आणि अगदी मनापासून शिकवतात. माझी अडचण मात्र त्यांना नीट समजावून सांगता येत नाही, कारण 'सम', म्हणजे आवर्तनाची पहिली, मुख्य मात्रा, म्हणजे काय हे सांगण्याइतके माझे स्पॅनिश पक्के नाही. आपले ताल आणि फ्लामेंको या दोन्हींशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध आला आहे, अशा जाणकारांनी मार्गदर्शन करावे म्हणून हा धागा काढला आहे.

सुरुवातीला मी रुंबा आणि तांगोस हे फ्लामेंकोचे प्रकार शिकलो. दोन्ही चार मात्रांत चालतात, त्यामुळे तबल्याच्या सवयीचा उपयोगच झाला. प्रसिद्ध फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसिया यांची १९७३ सालची 'एन्त्रे दोस आग्वास' ही रुंबाच आहे. तिचा पहिला भाग हातात बसला, तेव्हा तालाच्या बाजूने आता काळजी नाही असे मला वाटू लागले. त्यानंतर सोलेआ हा संथ, गंभीर प्रकार सुरू झाला.

सोलेआचे आवर्तन बारा मात्रांचे असून वजन ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर येते. हे कागदावर पाहताच माझ्या मनाने तिला आपल्या बारा मात्रांच्या एकतालाच्या शेजारी नेऊन बसवले, आणि घोटाळा तिथेच झाला. एकतालात मुखडा, तान, तिहाई (तीनदा म्हणून समेवर संपवायचा तुकडा) सगळे काही पहिल्या मात्रेवर येऊन मिळते. सोलेआत पहिली मात्रा अगदी हलकी असते. वाक्य पुरे होते ते दहाव्या मात्रेवर, आणि अकरा-बारा या दोन मात्रा पुढच्या आवर्तनात घेऊन जातात. इथली मंडळी टाळ्या देताना, म्हणजे पाल्मास करताना, अकरा आणि बारा असे आकडे मोजतही नाहीत. ती त्या जागी 'उन, दोस' म्हणतात आणि लगेच पुन्हा 'उन, दोस, त्रेस' असे दहापर्यंत जातात. मला हे समजते, पाटीवर लिहून दाखवता येते, आणि तरीही गिटार हातात घेतली की कान पहिल्या मात्रेची वाट पाहत राहतो.

गेल्या महिन्यात गुरुजींनी मला एका नृत्यवर्गात साथीला बसवले. सोलेआच चालू होती. नर्तकीने 'यामादा' घेतली, म्हणजे पायांच्या आघातांनी आम्हाला खूण केली, आणि दहाव्या मात्रेवर ती स्तब्ध उभी राहिली. गुरुजींचा स्वरमेळ तिच्या पावलाबरोबर पडला. माझ्या हाताला ती तिहाई वाटली होती, त्यामुळे मी तसाच पुढे जाऊन समेवर उतरलो, म्हणजे तीन मात्रा उशिरा, सगळी खोली शांत असताना. कोणी रागावले नाही. वर्गातल्या एक वयस्कर बाई माझ्याजवळ आल्या, बाजूच्या टेबलावर मूठ ठेवून बोटांच्या सांध्यांनी बारा मात्रा वाजवू लागल्या आणि दर वेळी दहावर 'दिएस' असे म्हणत माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी हे सात-आठ आवर्तने केले. त्यांच्या टेबलावरच्या आघातात जे होते, ते माझ्या हातात अजून आलेले नाही.

त्यानंतर घरी येऊन मी स्वतःपुरता एक ठेका बांधला :

तिं तिं धा | तिं तिं धा | तिं धा | तिं धा | तिं धा

विभाग ३-३-२-२-२ असे आहेत. हे लिहिल्यावर एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. आपल्याकडे टाळी विभागाच्या सुरुवातीला पडते, इथे वजन विभागाच्या शेवटच्या मात्रेवर येते. ठेका तोंडाने म्हणत वाजवले तर सोलेआ बरी जाते. परंतु बोल तोंडात ठेवून फ्लामेंको वाजवणे ही कायमची कुबडी तर होणार नाही ना, अशी भीती वाटते. हा माझा मुख्य प्रश्न आहे : असा ठेका बांधून शिकावे, की तबल्याचे सगळे बाजूला ठेवून कोऱ्या कानाने सुरुवात करावी? आणि बुलेरियास या बारा मात्रांच्याच जलद प्रकाराचे काय करावे? तिची मोजणी बाराव्या मात्रेपासूनच सुरू होते आणि लय मिनिटाला दोनशे मात्रांच्या पुढे जाते. तिथे माझा ठेका तोंडातच अडखळतो.

स्वरांच्या बाबतीत अशी अडचण आली नाही, हेही नोंदवतो, कारण एखाद्या नवशिक्याला त्याचा उपयोग होईल. सोलेआ बहुधा 'पोर आरिबा', म्हणजे ई हा षड्ज धरून वाजवतात. त्यात रे, ग, ध, नी कोमल असतात, पण मूळ स्वरमेळात शुद्ध गंधारही असतो. भैरवी आणि बसंत मुखारी यांच्यामध्ये कुठेतरी उभे असल्यासारखे वाटते, आणि एफवरून ईवर उतरताना कोमल रिषभ षड्जावर येतो तो क्षण आपल्या कानाला परका वाटतच नाही.

दुसरा प्रश्न उजव्या हाताचा आहे. रास्गेआदोमध्ये, म्हणजे बोटे एकामागून एक तारांवरून झटकण्याच्या तंत्रात, करंगळी, अनामिका, मध्यमा आणि तर्जनी या क्रमाने बोटे तळहाताकडून बाहेर फेकायची असतात. माझी करंगळी आणि अनामिका एकत्रच सुटतात, त्यामुळे चार आघातांचे तीन ऐकू येतात. 'तिरकिट'मधले एक अक्षर गिळले जावे तसे ते होते. गोल्पे, म्हणजे अनामिकेने गिटारीच्या पृष्ठभागावर द्यायची थाप, पहिल्याच दिवशी जमली. त्यामुळे बोटांत जोर नाही असे म्हणता येत नाही. दोन महिने रोज अर्धा तास देऊनही फरक पडलेला नाही, उलट मनगटाच्या वरच्या बाजूला संध्याकाळी दुखते.

गिटारीबद्दलही विचारतो. माझी गिटार मुंबईहून आणलेली साधी क्लासिकल आहे. बाराव्या पडद्यापाशी जाड तार चार मिलिमीटर उंच आहे. गुरुजींच्या सायप्रस (सुरू) लाकडाच्या गिटारीवर ती तीनपेक्षा कमी भरते, आणि जोरात वाजवले की तार पडद्याला किंचित घासून झणझणते. त्यांना तो आवाज हवाच असतो. मिरजेत तंबोरा-सतारीची जवारी, म्हणजे तारेचा झणकार, ऐकत वाढलेल्या माणसाला तो का हवा असतो हे वेगळे सांगावे लागत नाही. नवी गिटार आत्ता परवडणारी नाही. आहे त्याच गिटारीत काही करता येईल का?

आपल्या वेळेबद्दल आधीच आभार मानतो.

प्रतिसाद १

आपला प्रश्न वाचून फार आपलेपणा वाटला. मीही पखवाज सोडून या वाटेला आलो आणि हेरेसमध्ये दोन हिवाळे काढले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ठेका बांधलात ते चांगलेच केले. विभागाच्या शेवटी वजन येते हे तुम्हाला स्वतःला दिसले, ते कोणी सांगून इतके पक्के झाले नसते. पण तो ठेका गिटारीबरोबर म्हणू नका. एक महिना गिटार फक्त हाताच्या व्यायामापुरती उघडा आणि कोंपास टाळ्यांवर करा. डाव्या पायाने किंवा टाचेने सगळ्या मात्रा सारख्या ठेवा आणि टाळी फक्त वजनाच्या मात्रांवर द्या. तोंडाने बोलांऐवजी इथल्यासारखे 'उन, दोस' म्हणा. अकरा आणि बारा हे आकडे तुमच्या तोंडातून गेले की ताल तिथे संपतो ही भावनाही हळूहळू जाते. बाईंनी टेबलावर जे करून दाखवले तेच इथल्या घरांतून मुले ऐकत मोठी होतात, आणि गिटार त्यांच्या हातात पुष्कळ नंतर येते.

समेबद्दल एक सुचवतो. आपल्या सात मात्रांच्या रूपक तालात समेवरच खाली, म्हणजे टाळीविना हलकी मात्रा, असते. पहिल्या मात्रेवर वजन नसतानाही रूपक वाजवताना आपण कधी हरवत नाही, म्हणजे हलकी पहिली मात्रा आपल्या कानाला आधीपासून ठाऊक आहे. मला सोलेआची पहिली मात्रा सुटू लागली ती रूपकाची आठवण ठेवून. दहावी मात्रा मात्र रूपकातून मिळणार नाही, ती गाण्यातूनच मिळेल. सोलेआचे एखादे पद घ्या. तीन किंवा चार ओळींचे असते, ओळ साधारण आठ अक्षरांची. ते गिटारीशिवाय, टाळ्या देत, मोडक्यातोडक्या उच्चारात का होईना, स्वतः म्हणा. गायक ओळ कुठे टाकतो आणि श्वास कुठे घेतो हे कळले की दहानंतरची ती मोकळी जागा कशासाठी आहे ते समजते. इथले जुने लोक गिटारवादकाला आधी नाचाची साथ, मग गाण्याची साथ आणि शेवटी एकल वादन या क्रमाने शिकवतात. तुमच्या गुरुजींनी तुम्हाला नृत्यवर्गात बसवले ते याचसाठी, तेव्हा झालेल्या चुकीमुळे तिथे जाणे सोडू नका.

बुलेरियासला आत्ता हात लावू नका असे मी म्हणणार नाही, फक्त तिथे बारा मोजू नका. हेरेसमध्ये ती पुष्कळदा सहा-सहा मात्रांच्या अर्ध्या आवर्तनांत चालते. मेट्रोनोमचा ठोका फक्त बाराव्या आणि सहाव्या मात्रेवर येईल असा लावा, मधली जागा टाळ्यांनी भरा, आणि ३, ८, १० ही वजने त्यात नंतर घाला.

प्रतिसाद २

तालाबद्दल वर उत्तम लिहिले आहे, म्हणून मी फक्त हात आणि गिटार याबद्दल लिहिते.

तबल्यात बोटे आत, कातड्याकडे पडतात. रास्गेआदोमध्ये ती बाहेर उघडतात, आणि उघडणारे स्नायू वेगळे असतात. म्हणून तबल्याचा जोर इथे उपयोगी पडत नाही आणि दुखते तेही हाताच्या वरच्या बाजूला. अर्धा तास सलग करू नका. पाच मिनिटांचे चार तुकडे करा, आणि दुखू लागले की त्या दिवशी थांबा. सरावाच्या वेळी डाव्या हाताने तारा दाबून मुक्या ठेवा, म्हणजे स्वराच्या गोडव्यात चूक लपत नाही. अंगठा सहाव्या तारेवर टेकवा. फक्त करंगळी सोडा आणि अनामिका तळहाताला टेकलेलीच ठेवा. मग फक्त अनामिका. दोन्ही सुटे झाल्यावर मिनिटाला साठच्या ठोक्यात चारी बोटे घ्या आणि वजन दर दिवशी वेगळ्या बोटावर द्या. करंगळीवर वजन द्यायचा दिवस सगळ्यांत त्रासाचा असतो, आणि सुधारणा त्याच दिवशी होते. एकदा ध्वनिमुद्रण करून निम्म्या वेगाने ऐका. चार आघात आहेत की तीन, ते वादावादीशिवाय कळते.

गिटारीच्या घोडीवरची हाडाची पट्टी घासून तार खाली आणता येते. बाराव्या पडद्यापाशी एक मिलिमीटर कमी हवा असेल तर पट्टी दोन मिलिमीटर उतरवावी लागते. तेवढी पट्टी शिल्लक आहे का ते आधी कारागिराकडून पाहून घ्या, आणि जुनी पट्टी जपून ठेवून नवीन बसवून घ्या, म्हणजे मागे फिरता येईल. तुमच्या गिटारीवर गोल्पेसाठी संरक्षक पापुद्रा नसेल तर तोही त्याच वेळी लावून घ्या. नखांनी पातळ लाकडावर खड्डे फार लवकर पडतात.

धागाकर्ता, पाच आठवड्यांनंतर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पट्टी बदलून घेतली आहे, उंची आता तीन मिलिमीटर आहे. करंगळी अनामिकेपासून सुटली, निदान सत्तरच्या ठोक्यापर्यंत. मनगटाचे दुखणे सराव तुकड्यांत विभागल्यापासून थांबले.

एक महिना टाळ्यांवर काढला. रूपकाची सूचना माझ्यासाठी फार मोलाची ठरली. गेल्या शनिवारी नृत्यवर्गात पुन्हा सोलेआ वाजवली आणि चार यामादांपैकी तीन वेळा दहाव्या मात्रेवर नर्तकीबरोबर थांबलो. चौथ्या वेळी पुढे गेलो, पण पहिल्या मात्रेपर्यंत पोहोचण्याआधी बाराव्यावर स्वतःला आवरले.

आता गुरुजींनी सेगिरिया हा पुढचा प्रकार काढला आहे, आणि त्यातून पुढचा प्रश्न उभा राहिला आहे. तिची वजने ८, १०, १२, ३, ६ अशी पडतात. म्हणजे बारा मात्रांचे तेच चक्र आठव्या मात्रेपासून सुरू होते, आणि वजने मोजली तर २-२-३-३-२ असे पाच आघात मिळतात. गुरुजी तिला सरळ एक ते पाच असे मोजतात, त्यातले तिसरा आणि चौथा आघात लांब. माझ्या गिटार शिकणाऱ्या मित्राला मात्र ती सोलेआच्या बारा मात्रांवरच मोजायला शिकवले आहे. पाच आघातांची मोजणी मला आपल्या दहा मात्रांच्या झपतालाच्या जवळची वाटते आणि लगेच जमतेही, आणि नेमकी म्हणूनच भीती वाटते. एकतालाने सोलेआत जे केले तेच झपताल इथे करेल का? सेगिरिया गायकाबरोबर वाजवलेल्या कोणी आपण कशी मोजता ते कृपया सांगावे.