सीनियर प्राध्यापकांना स्वतःचं वेबपेज आणि ऑनलाइन शिकवणं कसं शिकवावं?

उनाड कीबोर्ड (हिंगोली)
नमस्कार मंडळी. मी कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला आहे आणि प्राचार्यांनी माझ्या गळ्यात एक घोंगडं टाकलंय. नॅक, म्हणजे कॉलेजला दर्जा देणारी तपासणी, जवळ आलीय म्हणून प्रत्येक प्राध्यापकाचं वेबसाइटवर स्वतःचं पान पाहिजे, त्यावर नोट्स, व्हिडिओ, टेस्ट सगळं, आणि ते त्यांनीच बनवायचं, मी फक्त शिकवायचं. मागं बाहेरून माणूस बोलावून दिवसभराचं वर्कशॉप झालं, प्रोजेक्टर, चहा-बिस्किटं, फोटो, सर्टिफिकेट सगळं यथासांग, पण पुढच्या आठवड्यात विचारलं तर निम्म्यांना पासवर्ड बी आठवेना. वर्गात ही माणसं एक नंबर, खडू हातात घेतला की पोरं हलत नाहीत, पण लॅपटॉप उघडला की "सर तुम्हीच टाका ना करून" म्हणायलेत. मूडल (आपल्याच सर्व्हरवर चालवायचं ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर) बसवावं का गुगल साइट्स (गुगलवरच फुकट पान बनवायची सोय)? सुरुवात कुठून करावी? आपल्याकडं कुणी केलंय का हे काम?

गोदाकाठ (नांदेड)
मूडलचा नाद सध्या सोडा. चांगलंच आहे ते, फुकट आहे, २००२ पासून चालतंय, पण सर्व्हर कोण सांभाळणार, बॅकअप कोण घेणार? तुम्हीच ना? मग शिकवणं राहिलं बाजूला आणि रात्री बारा वाजता "लॉगिन होईना" असे फोन घेत बसा. पानासाठी गुगल साइट्स, वर्गासाठी गुगल क्लासरूम, टेस्टसाठी गुगल फॉर्म्स, एवढ्यात भागतं. फॉर्म्सला क्विझ केलं की ऑब्जेक्टिव्ह प्रश्नांचे मार्क आपोआप पडतात, हे एकदा बघितलं की पेपर तपासून कावलेले प्राध्यापक स्वतःहून मागं लागतात.
वर्कशॉप मात्र परत घेऊ नका. त्यांच्या स्टाफरूममध्ये, त्यांच्या टेबलावर, एकेकाजवळ बसा. आणि वेबसाइट हा शब्द बी काढू नका पहिल्या दिवशी. "सर, पोरं दरवर्षी कुठल्या टॉपिकला अडकतात?" एवढंच विचारा. अकाउंटन्सीवाले सांगतील, बँक रिकन्सिलिएशन. मग तेवढ्या एका टॉपिकचं पान करायचं, एक छोटा व्हिडिओ, एक सोडवलेलं उदाहरण, पाच प्रश्न. सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलची रचना बी हीच आहे की, व्हिडिओ, वाचायला मजकूर, चर्चा आणि चाचणी, असे चार भाग. चर्चेला तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच.

इतिहासवाली (लातूर)
मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे जिला शिकवलं गेलं ती, रिटायरमेंट जवळ आलेली. सर, एक गोष्ट पाळा, माउसला हात लावू नका. आमच्याकडचा तरुण सर फार गुणी पोरगा, पण मी बटण शोधायला लागले की पटकन माउस घ्यायचा, टकटक चार क्लिक, "झालं बघा मॅडम". झालं खरं, पण त्याचं झालं, माझं कुठं? दुसरा सर होता तो हात मागं बांधून उभा राहायचा आणि म्हणायचा, "मॅडम, उजवीकडं वर बघा, काय लिहिलंय?" वेळ लागला, चिडले बी मी त्याच्यावर, पण आज माझं पान मीच बदलते.
आणि दुसरं, चारचौघांत विचारायची लाज वाटते हो. वर्गातली पोरगी जे एका मिनिटात करते ते आपल्याला येईना, हे हॉलमध्ये हात वर करून कोण सांगणार? म्हणून कुणी प्रश्न विचारत नाही, आणि तुम्हाला वाटतं सगळं समजलं.

मोंढा नाका (परभणी)
तुमच्या मराठीच्या प्राध्यापकांपासून सावध राहा, हाहा. त्यांच्या सगळ्या नोट्स श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असणार. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळं वेबवर पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतो आणि सर म्हणतात तुमचं कॉम्प्युटर बिघडलं. कन्व्हर्टरनं युनिकोड (कुठल्याही फोनवर मराठी नीट दिसतं ती पद्धत) करून घ्या, पण नंतर वाचायला लावाच, रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरते. नवीन लिहायचं असंल तर गुगल डॉक्समध्ये मराठी व्हॉइस टायपिंग दाखवा. आमच्या सरांनी अख्खा धडा बोलून काढला, विरामचिन्हं तेवढी नंतर हातानं टाकली.
स्कॅन केलेले पीडीएफ कमी करा. पोरं खेड्यावरून येतात, सगळं फोनवर, पानाची फाइल उघडता उघडता नेट जातं. मोबाइलनं काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो, बाराशे पिक्सेल रुंदीवर आणला की बराच हलका होतो. आणि पिवळ्यावर पांढरी अक्षरं नको म्हणा, ॲक्सेसिबिलिटीच्या नियमात साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागच्या रंगाच्या उजळपणातला फरक) लागतो, उन्हात बसस्टँडवर वाचून बघा म्हणजे कळंल का लागतो ते.

उनाड कीबोर्ड (हिंगोली)
सगळ्यांचे आभार, इतिहासवाली मॅडमचं तर प्रिंट काढून टेबलावर लावणार. व्हिडिओचं काय? आमचे एक सर तासभराचं लेक्चर आहे तसं टाकू म्हणायलेत.

गोदाकाठ (नांदेड)
तासाचं कामून बघतील पोरं? एडेक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटच्या व्हिडिओंवर २०१४ मध्ये अभ्यास झाला होता, व्हिडिओ कितीबी लांब असला तरी साधारण बघणारा सहा मिनिटांच्या पुढं टिकत नव्हता. सरांना म्हणा तुकडे करा, एका तुकड्यात एकच मुद्दा. तोंड दिसलं नाही तरी चालतं, आवाज पाहिजे. फोन फळ्यासमोर स्टुलावर ठेवा, पंखा बंद करा, इअरफोनचा माइक लावा, बास. ऐन उन्हाळ्यात पंखा बंद करायला तयार होणारे सर मिळाले तर त्यांच्यापासूनच सुरुवात करा.

मोंढा नाका (परभणी)
आणि गुगल ड्राइव्हची (फाइली ठेवतो तिथली) परमिशन! फाइल पानावर लावली पण शेअरिंग "लिंक असलेले सर्व" केलं नाही तर पोरांना ॲक्सेस मागायचा बोर्ड दिसतो आणि सरांच्या मेलवर रिक्वेस्टचा पाऊस. पान झालं की पोराच्या फोनवर उघडून दाखवायला लावा, सरांच्या फोनवर नाही, तिथं तर दिसणारच. खातं कॉलेजचं असंल तर सर रिटायर व्हायच्या आधी पानाची मालकी विभागाच्या खात्याकडं द्यायची, नाहीतर खातं बंद झालं की पान बी गेलं.