नुसती रेकॉर्डिंगं का पुरत नाहीत

काही जण विचारतात, कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांच्या तोंडी कथा ध्वनिमुद्रित झाल्यात, मग कथाकारांच्या संघटनेने दरवर्षी संमेलन कशाला भरवायचं?

कारण त्या कथेत निम्मा वाटा श्रोत्यांचा असतो. लिंडा गॉस आणि मेरी कार्टर स्मिथ या कथाकारांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट विद्यापीठात पहिला महोत्सव भरवला, त्यातूनच 'नॅशनल असोसिएशन ऑफ ब्लॅक स्टोरीटेलर्स' ही संघटना उभी राहिली. महोत्सव दरवेळी वेगळ्या शहरात होतो आणि स्थानिक शाळांतही कथाकार पाठवले जातात. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

हाक-प्रतिसाद, म्हणजे कथाकाराने हाक द्यायची आणि श्रोत्यांनी उत्तर, कसा चालतो ते बघा. कॅरिबियनमधल्या हैतीच्या कृष्णवर्णीय परंपरेत कथाकार विचारतो "क्रिक?", श्रोते म्हणतात "क्रॅक!" उत्तर क्षीण आलं तर कथा पुढे सरकत नाही, पुन्हा "क्रिक?" शाळेत हे जमवायचं तर प्रतिसाद दोन-चार अक्षरांचाच ठेवा, कथेआधी दोन-तीनदा म्हणवून घ्या आणि मुलांना अर्धवर्तुळात बसवा. रांगांमध्ये मागची मुलं गप्पच राहतात. प्रतिसाद लांबला की शेवट विस्कळीत होतो, लय तुटते.

रेकॉर्डिंग जरूर करा, पण एक माइक कथाकाराकडे आणि दुसरा श्रोत्यांकडे, वेगवेगळ्या ट्रॅकवर. एकाच माइकवर हुंकार, टाळ्या, मध्येच आलेली दाद दबून जाते. ऐकणाऱ्याला कथाकार उगाच थांबल्यासारखा वाटतो. आणि एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या संकलकांनी कृष्णवर्णीयांची बोली दाखवायला लिहिलेली मोडकीतोडकी स्पेलिंगं बघून उच्चार मुळीच शिकू नका. त्यातून बोली येत नाही, नक्कल होते. उच्चार जाणत्या कथाकाराच्या तोंडूनच घ्यावेत.