पाऊण वाजला, की पावणेएक वाजले?

गोदाकाठ :
शाळेतल्या बोलत्या घड्याळासाठी मराठी वाक्यं लिहून द्यायची आहेत. घड्याळ दर पंधरा मिनिटांनी वेळ सांगणार. इंग्रजीवरून यंत्रानं उतरवलेला मजकूर हाती आलाय. त्यात १:१५ ला 'सव्वाएक', १:३० ला 'साडेएक', २:३० ला 'साडेदोन' आणि १२:४५ ला 'पावणेएक' असं आहे. साडेएक आणि साडेदोन चौथीची पोरंही हसून खोडतील. अडलंय ते 'पावणेएक'पाशी. मी 'पाऊण वाजला' असं सुधारलं, तर सोबतचे सर म्हणतात, 'पाऊण आता कोण म्हणतंय, पावणेएकच ठेवा.' आणि दुसरं : दीड वाजला की दीड वाजले?

मोंढेकरी :
ताई, आधी हिशोब मांडा. बारा तासांत पाव-पाव तासाच्या ४८ वेळा येतात. त्यातल्या फक्त चार नियमाबाहेर आहेत : १२:४५ पाऊण, १:१५ सव्वा, १:३० दीड, २:३० अडीच. बाकी सगळीकडं सव्वा आणि साडे झालेल्या तासाच्या आकड्याला जोडायचे, पावणे येणाऱ्या तासाच्या.

क्रियापदाचं उत्तर महिन्यावरून काढा. दीड महिना झाला, अडीच महिने झाले. दीड भाकरी उरली, अडीच भाकरी उरल्या. दोनाच्या आत एकवचन. म्हणून पाऊण वाजला, एक वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला. बाकी ४४ वेळांना 'वाजले'.

गोदाकाठ :
मग १:४५ चं काय? पावणेदोन म्हणजे दोनाच्या आतच की.

मोंढेकरी :
तिथं शब्दात 'दोन' कानावर पडतो, म्हणून अनेकवचन. पावणेदोन महिने झाले असंच म्हणतो आपण, 'पावणेदोन महिना' कुणाच्या तोंडी येत नाही. आकडा किती यापेक्षा ऐकू काय येतं, त्यावर क्रियापद चालतं.

बालाघाट :
मोंढेकरी काकांचा नियम बरोबर आहे, पण अपवाद हेच चार का, ते शब्दांच्या पोटात आहे. पाऊण म्हणजे पादोन, पाव कमी. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. या तिघांत बेरीज-वजाबाकी आहे. दीड आणि अडीच यांची रीत निराळी. दीड आला द्व्यर्धवरून : दुसरा अर्धा. म्हणजे पहिला पुरा आणि दुसऱ्यातला अर्धाच. अडीच आला अर्धतृतीयवरून : दोन पुरे, तिसरा अर्धा. याच रांगेतला पुढचा शब्द औट, म्हणजे अर्धचतुर्थ, साडेतीन. तो बोलण्यातून गेला, म्हणून साडेतीनला साडे लागला. दीड-अडीच तगले, म्हणून साडेएक-साडेदोनला जागाच उरली नाही.

जर्मन लोकांत ही रीत अजून जिवंत आहे. 'हाल्ब द्राय', शब्दशः अर्धे तीन, म्हणजे अडीच वाजले. नवशिका तिथं हमखास तासभर उशिरा पोचतो, कारण तो त्याचा अर्थ साडेतीन लावतो.

तेरणाकाठ :
माझ्या मते पावणे हा शब्द पाहुण्यांवरून आला. पुढचा तास दाराशी आलाय, अजून आत आला नाही, म्हणून तो पावणा.

बालाघाट :
कल्पना गोड आहे, पण नाही. पाहुणा आला प्राघुणकवरून, पावणे आला पादोनवरून. दोन वेगळ्या वाटांनी येऊन आपल्या गावाकडच्या उच्चारात एकमेकांना भेटलेत, इतकंच.

मोंढेकरी :
तेरणाकाठ यांच्या बोलण्यातून कामाची गोष्ट निघाली. 'पावणे' आणि 'आठ' वेगवेगळे रेकॉर्ड करून यंत्रात जोडले, तर मधे किंचित थांबा पडतो आणि ऐकू येतं, 'पावणे, आठ'. आपल्याकडं याचा अर्थ आठ माणसांचा स्वयंपाक. 'पावणेआठला पावणे आठ' हे घाईनं आणि सावकाश म्हणून बघा, फरक फक्त थांब्याचा आहे. म्हणून तुकडे जोडू नका. पावणेदोन ते पावणेबारा अकरा, सव्वादोन ते सव्वाबारा अकरा, साडेतीन ते साडेबारा दहा, नुसते आकडे बारा, आणि आपले चार अपवाद. एकूण ४८, सगळे अखंड, क्रियापदासकट एका दमात म्हणून घ्या.

दख्खनी :
गोदाकाठ, 'पावणेएक'ला एवढं परकं करू नका. हिंदी-दख्खनीत 'पौने एक' सर्रास चालतं. संभाजीनगर, नांदेड, परभणीत माणूस दिवसभर दोन्ही भाषांत वावरतो. तिथून ते मराठीत आलं असणार. आलेला शब्द आपलाच.

बालाघाट :
हिंदीची गरज काय? पावणेदोन, पावणेतीन येणारं पोरगं एकालाही पावणे लावतं. याच न्यायानं ते साडेएकही म्हणतं, आणि ते आपण खोडतो. मग पावणेएक का ठेवायचं? सोय म्हणून एक अपवाद सोडला की दीड-अडीचही चालले.

दख्खनी :
गुरुजी, साडेएक मोठी माणसं म्हणत नाहीत. पावणेएक म्हणतात. फरक एवढाच, आणि तो पुरेसा आहे. शिवाय 'पाऊण'मध्ये घोळ होतो. बसस्थानकावर 'पाऊणला गाडी आहे' म्हटलं तर पाऊण वाजता की पाऊण तासानं? पावणेएक म्हटलं की शंका संपली.

बालाघाट :
घड्याळ 'पाऊण वाजला' असं पुरं वाक्य बोलणार आहे. 'वाजला' आला की तासाची शंका उरत नाही. शाळेतलंच घड्याळ चुकीचं बोलायला लागलं तर पोरांनी पाऊणशे कुठून शिकायचं? पावणेएकशे म्हणायचं का उद्या?

मोंढेकरी :
शे-हजारात पोरांचा गोंधळ निराळा असतो. पावणेतीनशे लिहा म्हटलं की कुणी २२५ लिहितं, कुणी २९९ वर अडतं. पाव हा एकाचा नसतो, शंभराचा असतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं. शंभराचा पाव २५, तीनशेतून २५ गेले, २७५. पावणेतीन हजारात पाव हजाराचा, म्हणजे २५०, म्हणून २७५०. सव्वातीनशे ३२५, सव्वातीन लाख म्हणजे तीन लाख पंचवीस हजार. आधी पाव कशाचा ते विचारायचं, मग जोडायचं की काढायचं ते बघायचं. धनादेशावर मात्र अक्षरी रक्कम 'एक लाख पंचवीस हजार' अशीच लिहावी, 'सव्वा लाख' नको.

तेरणाकाठ :
औटवरून आठवलं. जुन्या उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी झाल्यावर औटकी असायची. साडेतीनचा पाढा : दोनाचे सात, तिनाचे साडेदहा, चाराचे चौदा. निजामाच्या राज्यात ७ हाली रुपये, म्हणजे निजामाचे, बरोबर ६ कलदार, म्हणजे इंग्रज सरकारचे. म्हणजे ३ कलदारांना बरोबर साडेतीन हाली! मराठवाड्यात औटकी टिकली ती यामुळंच.

मोंढेकरी :
हिशोब चोख आहे. ३० कलदारांचे हाली किती? तिनाचे दहा गट, दहाची औटकी पस्तीस. १९५९ पर्यंत हाली चलनात होतं, तोवर हे गणित उपयोगी पडलं असणार. पण औटकी पुण्या-साताऱ्याकडंही घोकून घेत, आणि तिथं हाली नव्हतं. तेव्हा औटकी हालीमुळं टिकली असं म्हणता येत नाही. पाढा आधीचा, त्याला इथं एक जादा काम मिळालं.

बालाघाट :
औट मुळात हिशोबापुरता नाहीच. संतांच्या भाषेत देह 'औट हात', कारण माणूस स्वतःच्या हातानं साडेतीन हात भरतो. ओंकाराच्या मात्राही साडेतीन : अकार, उकार, मकार आणि अर्धमात्रा.

दख्खनी :
आणि पीठंही साडेतीन. त्यातली दोन पुरी आपल्याकडं, तुळजापूर आणि माहूर.

तेरणाकाठ :
कोल्हापूर तिसरं, आणि अर्धं वणीची सप्तशृंगी. मुहूर्तही साडेतीनच : पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा बलिप्रतिपदेचा.

मोंढेकरी :
अर्धा मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा धरतात काही घरी. बलिप्रतिपदा पुरी.

तेरणाकाठ :
काका, तसं कसं? दिवाळीचा पाडवा अर्धाच.

गोदाकाठ :
४८ वाक्यांची यादी केली, ४७ पक्की आहेत. १२:४५ च्या ओळीत 'पाऊण' आणि 'पावणेएक' दोन्ही लिहून ठेवलंय. सोमवारी आवाज भरायचाय, तोवर कुणी तरी एक सांगा.

दख्खनी :
पावणेएक.

बालाघाट :
पाऊण. आणि मोंढेकरी, अक्षय्य तृतीया अर्धी कोणत्या पंचांगात आहे ते सांगा आधी.